थांबा डॉक्टर

आमच्या दवाखान्यातल्या भुलीच्या डॉक्टरांची नक्कल मी इतकी झ्याक करत होतो का एकडाव त्यायच्या बायकोनं फोनवर मलेच सांगतलं, "येतांनी अद्रक आना." मी त्यायच्याच आवाजात म्हनलं, "आनतो." अन् खरंच पावशेर अद्रक घेऊन घरी देऊन आलो. सर घरी पोचले तं अद्रक त्यायच्या अगोदर पोचलेलं. दुसऱ्या दिवशी ओटीत, म्हंजे ऑपरेशनच्या खोलीत, हात धुता धुता ते म्हनाले, "नकल्या, अद्रक जून होतं." बस, एवढंच. ना रागावले, ना हसले.

सर म्हंजे हेच भुलीचे डॉक्टर. आमच्याकडं भूलतज्ज्ञ-बिज्ञ कोनी म्हनत नाही. कापनारा तो डॉक्टर, अन् कापाच्या पहिले मानसाले झोपवनारा तो भुलीचा. दारव्ह्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी ओटी टेक्निशियन होतो. वय तेवीस, मिशी नवी, अक्कल याची बाकी. कापसाचे वाईट दिवस होते ते. टीव्हीवाले यवतमाळच्या लॉजमधी मुक्काम टाकून राहत अन् गावोगाव फिरून मानसाइले विचारत, तुमाले कसं वाटून राह्यलं. अशा दिवसात हसू म्हंजे चोरीचा माल. तो माल दवाखान्यात पुरवाचं काम माहं.

सरांचा आवाज म्हंजे वंगन सरलेलं बंडीचं चाक, पन नाकातून. दर वाक्याच्या पहिले खाकरनं, "हं-हं", मंग "असं पाहा". अन् सगळ्यात आवडता शब्द "थांबा". चहा ओतनाऱ्याले थांबा, काळीपिवळी जीप सोडनाऱ्या ड्रायव्हरले थांबा, साहेबाच्या हातातल्या चाकूले थांबा. साहेब म्हंजे आमच्या दवाखान्याचे मालक, सर्जन. ते जितके घाईचे, तितके सर संथ. म्हून गावात सरांचं नावच पडलं थांबा डॉक्टर. रिक्षावाल्याले म्हना, थांबा डॉक्टरकडं ने, तो बरोबर दारात नेऊन सोडे.

त्यायचा एक कायदा होता. पेशंट उपाशी तं डॉक्टर उपाशी. ऑपरेशनच्या पहिले मानसाले खाऊपिऊ देत नाही, हे सगळ्याइले माहीत आहे. पन ज्यानं उपाशी ठेवलं तो सोताच बाहेर तर्री-पोहे हानून येते, हे सरांले पटे ना. म्हनत, "असं पाहा, त्याला भूक लागली का मलाही लागते. मग मी लवकर हात चालवतो." साहेब हळूच म्हने, "मग तुमी रोज उपाशी राहात जा ना, सर." हात काही लवकर चालत नव्हता. पन एकडाव पेशंट शुद्धीवर आला, आपलं नाव सांगतलं, बापाचं नाव सांगतलं, का मंग सर नाक्यावरच्या गाड्यावर जाऊन तीन पलेटा पोहे खात. चौथी पलेट मागाची लाज वाटे तं मले पाठवत. मीच मंग त्यायच्या आवाजात म्हनो, "हं-हं, असं पाहा, अजून एक." गाडीवाला हसत हसत जास्तीची तर्री टाके.

लहान पोराइले झोपवाची त्यायची रीत तं मी उभ्या जिंदगीत दुसरीकडं पाह्यली नाही. मास्क तोंडावर धराच्या पहिले पोराले विचारत, "कुठं जायचं बापू?" पोरगं म्हने, मावशीच्या घरी, नाहीतं यात्रेत. "चला. बसा खिडकीत. सुटली काळीपिवळी." मंग एक हात गॅसच्या पिशवीवर, एक हात मास्कवर, अन् तोंडानं यवतमाळचा रस्ता सांगनं चालू. हे आलं जिनिंग, हा आला पेट्रोलपंप, ती पाहा बकऱ्या आडव्या आल्या, ड्रायव्हर शिव्या देऊन राह्यला. पोरगं बोरीच्या अलीकडं झोपून जाये. मोठ्या मानसाले लाडखेड लागे. एक पहेलवान होता, तो थेट यवतमाळच्या स्टँडपर्यंत जागा होता. सरांले त्याचं लय कौतुक. भेटन त्याले सांगत, "उतरून तिकीट मागत होता हो!"

आता शिंकेचं सांगतो. सरांच्या पुढं शिंकायची सोय नव्हती. कोनी शिंकलं का ते दोन पावलं मागं सरत अन् विचारत, "कधीपासून?" हा सवाल त्यायनं एसटीच्या कंडक्टरले केला, सोयऱ्याच्या लग्नात नवरदेवाले केला. नवरदेव लाजून म्हने, "हळद टाकली तवापासून." अन् लहान पोरगं ऑपरेशनले आलं का सगळ्यात पहिले त्याच्या मानगुटीले हाताची उलटी बाजू लावत. थर्मामीटर असे, पन त्यायचा भरोसा मानगुटीवर. जराकसा कोमट लागला का झालं. "थांबा. पंधरा दिवसांनी या."

साहेब कातावून जाये. "सर, साधी सर्दी आहे! हर्निया काय नाकातून काढायचा आहे?"

"असं पाहा, हर्नियाला घाई नाही. मला नाही. घाई आहे कोणाला?"

"मले आहे!" साहेब ओरडे. घाईत आला का साहेबबी वऱ्हाडीवर येत होता.

असे महिन्यातून दोन-तीन पोरं परत जात. साहेब कधी कधी यवतमाळवरून दुसरा भुलीचा बोलवे. त्या दिवशी सर नाराज नाही होत. वार्डातल्या बाकड्यावर बसून राहत अन् पोरगं शुद्धीवर आलं का मानगुटीले हात लावून घरी जात.

यामागं त्यायचा एक इचार होता. त्यायचा एक जुना वर्गमित्र बाहेरदेशी होता, तो झेरॉक्सचे गठ्ठे पोस्टानं पाठवे. सर ते पानठेल्यावर वाचत. खाली लाल पेनानं रेघा. पानवाल्यानं एक दिवस विचारलं, "काय लिवलं जी एवढं?" मी बाजूलेच उभा होतो.

सर म्हनाले, "तुझ्या वावरात जागलीला कोण जाते?"

"भाऊ जाते. रानडुक्कर लय मातले."

"हं-हं. तसे आपल्या रक्तात जागलीवाले असतात. पांढऱ्या पेशी. बाहेरचा जंतू आत शिरला का त्याला घेरतात. आता असं पाहा, मी गॅस देतो. माणसाचा मेंदू झोपतो, हे तर सगळ्यांना दिसते. पण तोच गॅस रक्तातून सगळीकडं फिरते. त्या जागलीवाल्याला डुलकी लागते का नाही, हे कोण पाहते?"

"लागते का मंग?"

"लागत असावी. लोक म्हणतात, त्या पेशी सुस्तावतात, जिथं धावून जायचं तिथं उशिरा जातात. थोडा वेळच. रोज त्यानं काही बिघडत नाही, कारण रोज काही डुक्कर येत नाही. पण ज्या रात्री डुक्कर बांधावर येऊन उभं आहे, नेमकी त्याच रात्री डुलकी लागली तर?"

पानवाल्यानं चुना लावता लावता मान हालवली. "मंग वावर साफ."

"तेच. आता पावसाळ्यात आपल्याकडं तो पोरांचा मेंदूज्वर येते. वाळूमाशी चावते, भिंतीच्या भेगेत राहते ती. सकाळी ताप, संध्याकाळी झटके. त्यातल्या एका विषाणूला नावच आपल्या विदर्भातल्या गावाचं आहे, चांदीपुरा. त्याच्या एका चुलतभावाची लागण उंदरांना करून पाहतात. नाकातून शिरते अन् मेंदूत जाते. अशा उंदराला गॅस दिला तर काय होते, असं लोक शोधून राह्यले."

"काय होते?"

सर चष्मा काढून पुसू लागले. "काही म्हणतात जास्त बिघडते. काही म्हणतात, गॅसनं सूज कमी होते, उलट मेंदू वाचतेही. अन् उंदीर म्हणजे काही पोरगं नाही. मला माहीत नाही."

"मंग तुमी काय करता?"

"माहीत नसलं तर थांबतो."

हे सगळं मी त्याच दिवशी वार्डात जसंच्या तसं करून दाखवलं. रानडुक्कर, चुलतभाऊ, उंदीर, चष्मा पुसनं. सिस्टर सिंधूताई पोट धरून हसल्या. "उंदराले मास्क कोन लावते रे?" म्हनत होत्या. मी उंदीरबी करून दाखवला, मास्कमधून मिशा बाहेर निघालेला.

एक गोष्ट मात्र अशी होती जिची नक्कल मी कधी केली नाही. फवारनीच्या दिवसात कपाशीवर औषध मारता मारता नाकातोंडात गेलं म्हून एक जवान मानूस आला. श्वास बंद पडू लागला. आमच्याकडं श्वास देनारी मशीन नव्हती, हातानं दाबाची पिशवी होती. सर दाबत बसले. दोन तास झाले अन् दवाखान्यात टीव्हीवाले घुसले. क्यामेरावाला खांद्यावर क्यामेरा घेऊन पुढं आला. सर त्याच्याकडं न पाहता म्हनाले, "ते ठेवा खाली. इथं या. ही पिशवी धरा. मी म्हणतो तेव्हा दाबा." तो बिचारा गांगरला, पन त्यानं क्यामेरा ठेवला अन् दाबू लागला. सर भिंतीले टेकून हाताचे गोळे चोळत, "दाबा... सोडा... दाबा," म्हनत राह्यले. चांगला तासभर. टीव्हीवर काही आलं नाही. मानूस वाचला. जातांनी क्यामेरावाल्यानं सरांच्या पाया पडाचा प्रयत्न केला तं सर दोन पावलं मागं सरले. म्हनाले, "शिंकत होते तुम्ही मघाशी."

आता जे सांगाचं आहे ते सांगतो. बाकीचं सगळं मी दहा ठिकानी सांगतलं, हे नाही.

जुलै होता. पेरन्या आटोपल्या होत्या, निंदन-खुरपन लागाचं होतं. दारव्ह्याजवळच्या खेड्यातला एक मानूस, गजाननभाऊ, त्याच्या पोराच्या हर्नियाचं ऑपरेशन बुधवारी ठरलं. पोरगं सात वर्षाचं, नाव गोलू. निंदन लागलं का मायले वावर सोडता येत नाही, म्हून त्याइले बुधवारच पाह्यजे होता.

मंगळवारी संध्याकाळी सर घरी गेलते. मी काउंटरवर बसून सिंधूताईले सरांचं नवरदेववालं सांगून राह्यलो होतो, आवाजासकट. ऐन रंगात आलो अन् फोन वाजला. मी त्याच आवाजात उचलला. "हं-हं. बोला."

"डॉक्टरसाहेब, मी गजानन बोलतो जी, गोलूचा बाप. पोराचं अंग दुपारपासून कोमट लागून राह्यलं. उद्या आनू का नोको?"

आता माह्या तोंडात सरांचा आवाज अन् पुढं सिंधूताई. त्याइनं तोंडाले पदर लावलेला. मी म्हनलं, "असं पाहा, कोमट म्हणजे किती? चहा कोमट असते तसं का आंघोळीचं पाणी?" सिंधूताई खुर्चीवरून पडाच्या राह्यल्या. तिकडून तो मानूस खरंच इचार करून म्हनला, "चहा जी. थंडा झालेला."

"आणा मग. आणा, आणा. टेबलावर पाहू."

फोन ठेवला. मनात म्हनलं, सकाळी सर पाहतीनच का मानगूट. नाही जमलं तं परत पाठवतीन, नाहीतरी तेच करतेत. मंग सिंधूताईची ड्यूटी सुटली, मी मेसवर जेवाले गेलो, अन् गोष्ट डोक्यातून निघून गेली.

सकाळी गोलू मायबापासंगं आला. हातात पेरूची फांदी, म्हने बापानं तोडून देली. मायनं त्याले पहाटे तापाची गोळी खाऊ घातली होती. काहून नाही घालन? डॉक्टरनंच सांगतलं आना म्हून. डॉक्टर आना म्हनते म्हंजे ताप उतरवूनच न्यावं लागते, तिचं बरोबर होतं.

सरांनी मानगुटीले हात लावला. हात तिथंच ठेवला, दुसऱ्या पोराइपेक्षा जास्त वेळ. "ओलं आहे. घाम काहून आला रे बापू?"

बाप म्हनला, "काळीपिवळीत गर्दी होती जी, पंधरा जन."

"हं. सर्दी, ताप, काही सांगायचं राहिलं का?"

"नाही जी. कालच सांगतलं ना सगळं."

सरांले वाटलं, साहेबाले सांगतलं असन. त्यायनं साहेबाकडं पाह्यलं. साहेब हात धुऊन तयार होता, तो म्हनला, "चला चला सर, दोन ऑपरेशनं आहेत." मी ट्रे घेऊन दोघाइच्या मधात उभा होतो. तोंड उघडाचं होतं. एक वाक्य होतं. पन ते सांगतलं तं आवाजाचं सांगावं लागे, अन् साहेब मले त्या दिवशीच घरी पाठवे. मले वाटलं, अंग तं थंडगार आहे. काय होते.

गोलूले टेबलावर घेतलं. सरांनी विचारलं, "कुठं जायचं?"

"मामाच्या गावी. कळंबले."

"वा! लांबचा पल्ला आहे. बसा खिडकीत. सुटली."

मी बाजूले उभा राहून त्याचा हात धरला होता. ते माहं काम, पोरगं घाबरू नाही म्हून. सर रस्ता सांगून राह्यले होते. जिनिंग आलं. गोलूचे डोळे जड होऊ लागले. अन् त्याचा हात माह्या हातात गरम होऊ लागला. गोळीचा असर उतरत होता. पहिले मले वाटलं, माहाच हात गरम आहे. मंग पेट्रोलपंप आला, अन् ते हातातलं ऊन मनगटापर्यंत चढलं.

मले ओरडाचं होतं. अन् मंग एकदम निघाला तो आवाज माहा नव्हताच.

"थांबा!"

तोच नाकातला, वंगन सरलेला. सगळे जागच्या जागी थांबले. साहेबाचा हात हवेत. सरांनी मास्क उचलला अन् माह्याकडं पाह्यलं. सोताचा आवाज दुसऱ्याच्या तोंडातून ऐकला का मानसाचं तोंड कसं होते, ते मी त्या दिवशी पाह्यलं.

"ताप होता," मी म्हनलं. अजून त्यायच्याच आवाजात. "काल फोन आलता. मी म्हनलं, आना."

सरांनी गॅस बंद केला. ऑक्सिजन वाढवला. मंग मानगुटीले हात लावला. "गॅसचे सहा श्वास गेले," ते म्हनाले. कोनाले म्हनाले मालूम नाही.

साहेबानं मास्क काढून मले ज्या शिव्या देल्या त्या इथं लिवत नाही. गोलू जागा होऊन "आलं का कळंब?" विचारत होता. त्याले सरांनी उचलून वार्डात नेलं.

बाहेर बाप भडकला. "आज नाही म्हंजे? तुमीच तं म्हनलं फोनवर, आना म्हून! मी तुमचा आवाज ओळखत नाही काय?"

मी सरांच्या मागंच उभा होतो. सर म्हनाले, "हो. म्हटलं होतं. माझी चूक झाली. आज पोराला इथंच ठेवा, मला पाहायचं आहे."

तो मानूस पोराच्या खाटेवर जाऊन बसला. डॉक्टर चुकलो म्हनते, हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं असन.

दुपारपर्यंत सर गोलूच्या खाटेजवळ बाकड्यावर बसून राह्यले. जेवले नाही. बारा वाजता गोलूले उलटी झाली. एक वाजाच्या सुमारास त्याले झटका आला, डोळे वर गेले, दात लागले. सरांनी सुई देली, नळी टाकली, अन् साहेबाले म्हनाले, "यवतमाळ. आत्ता." साहेब, जो सकाळपासून तोफेवानी धडधडत होता, तो चाबी घेऊन खाली गेला अन् सोताच गाडी चालवाले बसला. मागच्या सीटवर सर पिशवी दाबून राह्यले होते, मायच्या मांडीवर गोलूचे पाय, बाप पुढं साहेबाच्या बाजूले, अन् मी ऑक्सिजनचं सिलिंडर धरून खाली बसलेलो. बोरी कधी गेली, लाडखेड कधी गेलं, कोनालेच समजलं नाही. त्या दिवशी सर रस्ता सांगत नव्हते.

यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात म्हनले, मेंदूज्वर. त्या पावसाळ्यातलं पहिलं पोरगं नव्हतं ते.

गोलू तीन दिवस बेशुद्ध होता. साहेबानं मले काही घरी पाठवलं नव्हतं; मी ड्यूटी सुटली का संध्याकाळच्या जीपनं यवतमाळले जाओ. सर तिथंच असत. लहान पोराइच्या वार्डाबाहेर, खिडकीच्या गजाले टेकून. दुसऱ्या दिवशी मी म्हनलं, "सर, साहेबाले मी अजून सगळं नीट सांगतलं नाही. फोनवर हसून राह्यलो होतो, ते. उद्या सांगतो."

सर म्हनाले, "साहेबाला कशाला? साहेबाचं पोरगं आहे का ते?"

चौथ्या दिवशी सकाळी गोलूनं डोळे उघडले. मायले ओळखलं. जीभ जड होती, पन "पानी" म्हनला. दोन दिवसानं फांदी कुठी ठेवली म्हून रडला, तवा डॉक्टर म्हनले, आता चिंता नाही.

त्या दिवशी गजाननभाऊ सरांले घेऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर आला. मीबी मागं मागं. त्यानं सरांपुढं हात जोडले. "तुमी थांबले म्हून पोरगं वाचलं जी. पुरा गॅस देला असता तं गेलं असतं."

"असं कोणी सांगितलं?" सर म्हनाले. "मला माहीत नाही ते. दिला असता तरी वाचला असता कदाचित. त्याचा ताप त्याच्या अंगानं काढला, इथल्या डॉक्टरांनी काढला. मला उगीच देव करू नका."

मंग ते चष्मा काढून पुसू लागले. माह्याकडं पाह्यलंबी नाही. पन मले समजलं का आता जागा खाली आहे, बोलाचं असन तं बोल.

"भाऊ," मी म्हनलं, "फोनवर सर नव्हते. मी होतो."

त्याले पहिले समजलंच नाही. मी सगळं सांगतलं. सिंधूताई, हसनं, कोमट चहा. "चहा कोमट असते तसं का आंघोळीचं पानी" हेबी सांगतलं, या डाव माह्याच आवाजात.

"मंग टेबलाजवळ थांबा म्हनला तो कोन? नर्सबाई सांगत होती, डॉक्टरनं एकदम थांबवलं म्हून."

"तोबी मीच."

गजाननभाऊ उठला. माह्यापेक्षा हातभर कमी होता उंचीनं, अन् हात निंदनातला. त्यानं मले एक थापड ठेवून देली. टपरीवरचे मानसं उठून उभे राह्यले. कानात भोंगा वाजला. मंग तो खाली बसला, नाक पुसलं, अन् टपरीवाल्याले म्हनला, "तीन चहा दे. याच्यात साखर जास्त टाक."

मी रडत रडत चहा पेलो. एका गालाकडून गरम होता, एका गालाकडून थंडा.

गजाननभाऊनं सरांकडं पाह्यलं. "तुमीबी माह्याशी खोटं बोलले जी. म्हने माही चूक झाली."

"हो. बोललो."

"असं नोका करत जाऊ. मले वाटलं, डॉक्टरच असा, तं आता जाचं कोनाकडं?"

सर खाकरले. "हं-हं. बरोबर आहे. नाही करणार."

मी सरांले इतकं लहान झालेलं कधी पाह्यलं नव्हतं. शाळेतल्या पोरावानी कप दोन्ही हातात धरून बसले होते.

आता सर पुन्याले लेकीकडं राहतेत म्हनतेत. दारव्ह्याचा तो दवाखाना कवाच बंद झाला. मी यवतमाळले दुसऱ्या ओटीत आहो, नव्या मशीना आहेत, नवे गॅस आहेत, भुलीचे पोरं हुशार आहेत. मी त्याइच्याबी नकला करतो. सरांची कोनी फरमाईश केली तं नवरदेव करतो, पहेलवान करतो, उंदीर करतो. लोक लोळून हसतेत. अन् हसनं संपलं का मले दर खेपेस ती चहानंतरची गोष्ट आठवते.

टपरीवरून आम्ही दोघं पायी स्टँडवर आलो. दारव्ह्याची काळीपिवळी भरून राह्यली होती. मले गप राहवे ना. म्हनलं, "सर, ते सहा श्वास. त्यानं काही झालं असन का? तो झटका त्यानं आला का?"

दुसरा कोनीबी असता तं म्हनला असता, नाही रे, वेडा आहे का, सहा श्वासानं काय होते. माही मायबी हेच म्हनली असती. मले तेवढंच ऐकाचं होतं, खरं असो का नसो.

सरांनी दोघाइच्या भाड्याचे पैसे मोजून मुठीत धरले. मंग म्हनाले, "मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. ते आता आपण दोघांनी वागवायचं."

ड्रायव्हरनं हाक देली. सरांनी मले खांद्याले धरून पुढं केलं, खिडकीजवळ बसवलं, अन् सोता कडेले अर्ध्या बुडावर बसले.